चोखणी : द्यावी की न द्यावी?

बालकाला घेऊन चिकित्सालयात येणाऱ्या मातापित्यांचे प्रश्न गेल्या वीस वर्षांत बरेच बदलले आहेत. बाळगुटी केव्हा सुरू करावी, टाळू भरण्यास कोणते तेल घ्यावे, बाळंतिणीला डिंकाचे लाडू किती दिवस द्यावेत, हे प्रश्न आजही विचारले जातात. परंतु त्यांच्या जोडीला एक नवा प्रश्न येऊन बसला आहे. "डॉक्टर, बाळाला निपल दिलं तर चालेल ना?" हे निपल म्हणजे दुधाच्या बाटलीचे बोंडू नव्हे. रबराचे किंवा सिलिकोनचे बंद बोंडू, त्यामागे ओठांवर टेकणारी चकती आणि धरावयास कडी, अशी ही वस्तू. तिच्यातून दूध येत नाही, पाणी येत नाही. बाळ ती नुसती चोखीत राहते. दुकानात तिला पॅसिफायर अथवा सूदर म्हणतात. प्रस्तुत लेखात आम्ही 'चोखणी' हा आपला सरळ शब्द वापरीत आहोत.

प्रश्न विचारला जातो तेव्हा बहुधा चोखणी बाळाच्या तोंडात असतेच. विचारणारास संमती हवी असते.

आपल्या वैद्यबंधूंत या प्रश्नाची दोन उत्तरे प्रचलित आहेत. एक, "परदेशी खूळ आहे, फेकून द्या." दुसरे, "द्या, काही होत नाही." पहिले उत्तर आम्ही स्वतः अनेक वर्षे देत होतो आणि ते देताना आपण शास्त्राच्या बाजूने बोलत आहोत असे आम्हांस मनोमन वाटत असे. वस्तुतः खूळ परदेशी म्हणण्यातही फारसा अर्थ नाही. फडक्यात खडीसाखर बांधून ती पुरचुंडी बाळाच्या तोंडात देणे आपल्या आजीबाईंना ठाऊक होते, तसेच ते युरोपातही होते. जर्मन चित्रकार ड्यूरर याच्या १५०६ सालच्या एका चित्रात बाल येशूच्या हाती अशीच पुरचुंडी दिसते. रडणारे मूल आणि रिकामे हात नसलेली आई या दोन गोष्टी जेथे जेथे आहेत तेथे तेथे चोखणी कोणत्या ना कोणत्या रूपात आलीच. आमची दोन्ही उत्तरे अपुरी आहेत हे मात्र पुढे दोन बालकांमुळे ध्यानी आले.

'गुणी' बाळ

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. सहा आठवड्यांच्या मुलीला घेऊन एक माता आमच्या चिकित्सालयात आली. तक्रार तिची स्वतःची होती, प्रसूतीनंतरच्या कंबरदुखीची. बाळ आजीच्या मांडीवर होते, तोंडात चोखणी. आम्ही मातेची प्रकृती, नाडी, कोष्ठ पाहून औषध लिहून देईपर्यंतच्या अर्ध्या तासात त्या मुलीने हूं की चूं केले नाही. आजी कौतुकाने म्हणाल्या, "पोरगी इतकी गुणी आहे हो डॉक्टर, रडणं म्हणून नाही. पाळण्यात टाकलं की पडून असते." आम्हीही हसून 'गुणी आहे' असे म्हटले आणि पुढच्या रुग्णास आत बोलावले.

पंधरा दिवसांनी तीच मंडळी पुन्हा आली. या वेळी तक्रार बाळाची. चार-चार दिवस शी होत नाही. आम्ही मुलीला उघडे करून वजनकाट्यावर ठेवले. जन्मतः वजन २ किलो ८०० ग्रॅम. त्या दिवशी, म्हणजे आठ आठवडे पूर्ण होताना, ३ किलो २०० ग्रॅम. पहिल्या दहा दिवसांत जन्मवजन भरून आल्यानंतर दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. त्या हिशेबाने ती चार किलोच्या आसपास असावयास हवी होती. मांड्यांची त्वचा सैल, डोळे मोठे, नजर थकलेली. दिवसरात्रीत किती वेळा पाजता असे विचारता उत्तर आले, "चार-पाच वेळा. ती मागतच नाही." अधेमध्ये कुरकुरली की चोखणी. चोखणी थुंकली की ती मधात बुडवून पुन्हा. या मधाचा उल्लेख आजींनी अभिमानानेच केला. मध शुद्ध होता, गावाकडचा होता.

मुलगी मागत नव्हती असे नव्हे. ती दिवसातून कितीतरी वेळा मागत होती आणि प्रत्येक मागणीला तिच्या हाती रिकामे बोंडू पडत होते. चोखून चोखून थकलेले मूल निजते. आणि निजलेल्या मुलास कोणी भुकेले समजत नाही. 'मधाचे बोट लावणे' या आपल्या वाक्प्रचाराचा अर्थ खोटी आशा दाखवून गप्प करणे असा आहे, तो आम्हांस त्या दिवशी अक्षरशः दिसला. या घरात माया कमी नव्हती. हेळसांडही नव्हती. आणि ज्या शांततेचे कौतुक आजींनी केले, तिचे कौतुक आम्हीही केले होते, वजनकाटा हाताशी असताना.

रडणे हीच वेदना

आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यास हे घडावयास नको होते, असे आम्हांस आजही वाटते. काश्यपसंहितेचे जे खंडित हस्तलिखित नेपाळात मिळाले आणि पंडित हेमराज शर्मा यांच्या विस्तृत उपोद्घातासह १९३८ साली प्रसिद्ध झाले, त्यात सूत्रस्थानातील वेदनाध्याय हा या विषयावरील आपला मोठा ठेवा आहे. जे बोलू शकत नाही त्याचे दुखणे ओळखावे कसे, हा त्या अध्यायाचा प्रश्न. आचार्य एकेक व्याधी घेऊन त्याची बालकातील खूण सांगतात. डोके दुखत असेल तर मूल डोके हलविते, डोळे मिटते. कान दुखत असेल तर हात कानाकडे नेते. पोटात शूळ असेल तर स्तन सोडून देते, रडते, उताणे पडून अंग ताठते, पोट घट्ट लागते, चेहऱ्यास घाम येतो. मुखरोगात लाळ वाहते, स्तनाचा द्वेष होतो. सुश्रुताचार्यही शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात हेच तत्त्व सांगतात : जेथे दुखते तेथे मूल वारंवार हात लावते आणि दुसऱ्याने हात लावला की रडते.

या लक्षणांकडे जरा बारकाईने पाहावे. त्यांतील निम्म्याहून अधिक लक्षणे रडणे, चोखणे आणि स्तन धरणे अथवा सोडणे यांवर उभी आहेत. क्षीरप अवस्थेतील बालकाच्या परीक्षणाची साधने इतकीच. नाडीपरीक्षा नाही, प्रश्नपरीक्षा तर नाहीच. ज्या वस्तूने रडणे थांबते आणि चोखण्याची तृषा भागते, ती वस्तू वैद्याच्या हातातील ही साधनेच काढून घेते. आमच्या मते चोखणीविषयीचा मुख्य आक्षेप हा आहे. दात, कान, जंतू हे सारे पुढचे.

रडण्याचे मानही सर्वत्र सारखेच आढळते. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून ते वाढू लागते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक होते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते. संध्याकाळी ते विशेष असते. निरोगी मूलही या काळात दिवसाला दोन-अडीच तास रडू शकते हे मातापित्यांना आधीच सांगून ठेवले, तर चोखणीची निम्मी मागणी तेथेच संपते, असा आमचा अनुभव आहे. उलट आम्ही वैद्यमंडळीच 'पोटात वात धरला असेल' म्हणून प्रत्येक रडण्यास एक औषध देऊ लागलो, तर चोखणी आणि आमची पुडी यांत फरक तो काय?

चोखणे आणि स्तन्य

चोखण्याची प्रवृत्ती मूल गर्भातूनच घेऊन येते. सोनोग्राफीत गर्भ अंगठा चोखताना दिसतो. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ साधारणतः चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसतो. म्हणजे चोखण्याची इच्छा ही भुकेहून निराळी आणि तिच्याआधीची आहे; तीत मुलास स्वास्थ्य लाभते. हे मान्य केल्याशिवाय चोखणीचा विचार न्याय्य होणार नाही.

परंतु ही प्रवृत्ती दुधाच्या उत्पत्तीशी जोडलेली आहे. बालकाचे दर्शन, स्पर्श, स्मरण आणि स्तनाचे ग्रहण यांनी स्तन्य पाझरते आणि त्याचे मूळ अखंड स्नेहात आहे, असे सुश्रुताचार्य निदानस्थानात सांगतात. तर शारीरस्थानात क्रोध, शोक आणि अवात्सल्य ही स्तन्यनाशाची कारणे देतात. आधुनिक शरीरक्रियाशास्त्रात प्रोलॅक्टिन व ऑक्सिटोसिन यांच्या द्वारे हेच वर्णन केले जाते. मूल जितके चोखते तितके दूध बनते. पहिल्या महिन्यात, स्तन्याचे मान ठरत असताना, चोखणे रबरावर खर्च झाले तर स्तनास मागणीच पोहोचत नाही. मग दूध खरोखरच कमी होते आणि 'मला दूधच येत नाही' हे मातेचे म्हणणे खरे ठरते. आमच्या त्या पहिल्या मातेच्या बाबतीत असेच झाले होते. शतावरी कल्प आम्ही दिला. परंतु काम केले ते चोखणी काढून मुलीला दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा उघड्या छातीशी धरण्याने. तीन आठवड्यांत वजन रुळावर आले.

याच कारणास्तव जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी १९८९ साली प्रसूतिगृहांसाठी स्तनपानाच्या ज्या दहा पायऱ्या सांगितल्या, त्यांतील नववी पायरी स्तनपान करणाऱ्या बालकास कृत्रिम बोंडू वा चोखणी देऊ नये अशी होती. २०१८ साली या पायऱ्यांची फेररचना झाली, तेव्हा या पायरीचे शब्द बदलले. सरसकट निषेधाऐवजी बाटली, बोंडू व चोखणी यांचा वापर आणि धोके यांविषयी मातेस समजावून सांगावे असे म्हटले गेले. बदलाचे कारण जाणून घेण्याजोगे आहे. स्तनपानाची मनापासून इच्छा असलेल्या मातांच्या पूर्ण दिवसांच्या बालकांवर झालेल्या दोन नियंत्रित चाचण्यांत, मिळून सुमारे तेराशे बालके, चोखणीमुळे पहिल्या चार महिन्यांतील निव्वळ स्तनपान कमी झाल्याचे आढळले नाही.

ही चाचणी आमच्या अनुभवाच्या विरुद्ध जाते काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्या माता ठरवून पाजणाऱ्या होत्या आणि त्यांना सल्ला देणारे कोणी जवळ होते. आमच्याकडे येणारी माता पुष्कळदा सोळा-सतरा तास काम करणारी, रात्री जागलेली आणि 'तुझं दूध पातळ आहे' हे चार जणींकडून ऐकलेली असते. एकच वस्तू दोन घरांत दोन प्रकारे वागते. देश, काल आणि पात्र यांचा विचार करावयास आपणांस कोणी वेगळे शिकवावयास नको. मात्र 'चोखणीने दूध आटते असे सिद्ध झाले आहे' असे विधान आपण व्यासपीठावरून करू नये. तसे सिद्ध झालेले नाही.

दुसरे बालक

आमचे पहिले उत्तर मोडून काढणारे बालक अपुऱ्या दिवसांचे होते. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेले, नवजात अतिदक्षता विभागात पाच आठवडे राहिलेले. घरी आल्यावर आई त्याला तेल कोणते लावावे हे विचारण्यास आमच्याकडे आली. पिशवीत लहानशी चोखणी दिसली आणि आम्ही तिला पुरते व्याख्यान दिले. ती मुकाट्याने ऐकून घेऊन म्हणाली, "तिथं नळीनं दूध देताना हेच द्यायचे, डॉक्टर. त्यानंच तो चोखायला शिकला." मग तिच्या डोळ्यांत पाणी आले.

तिचे म्हणणे बरोबर होते आणि आमचे अज्ञान होते. अपुऱ्या दिवसांच्या ज्या बालकांस नळीवाटे दूध द्यावे लागते, त्यांना त्या वेळी चोखावयास दिल्यास ती तोंडाने दूध पिण्याकडे लवकर वळतात आणि रुग्णालयातील मुक्काम कमी होतो, हे अनेक चाचण्यांत दिसून आले आहे. सुई टोचताना वा तत्सम वेदनेच्या प्रसंगीही चोखण्याने बालकास आराम मिळतो. स्तनाशी धरणे शक्य असेल तर ते याहून श्रेष्ठ; परंतु काचेच्या पेटीतील मुलास ते प्रत्येक वेळी कसे शक्य व्हावे? त्या मातेची आम्ही त्याच दिवशी क्षमा मागितली.

चोखणीच्या बाजूचा आणखी एक मुद्दा आपल्या लेखांतून सहसा वगळला जातो. एक वर्षाखालील निरोगी बालक झोपेत अकस्मात दगावते आणि शवपरीक्षेतही कारण सापडत नाही, अशा मृत्यूंचा पाश्चात्त्य देशांत पुष्कळ अभ्यास झाला. निजताना चोखणी घेणाऱ्या बालकांत असे मृत्यू कमी आढळले. त्यावरून अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००५ साली निजताना चोखणी देण्याचा विचार करावा अशी सूचना केली. ती २०२२ च्या सूचनांतही कायम आहे. असे का घडते याचा उलगडा झालेला नाही. त्याच सूचनांत, स्तनपान चांगले रुळल्याशिवाय चोखणी सुरू करू नये, मूल नको म्हणत असेल तर बळजबरी करू नये, झोपेत पडली तर पुन्हा कोंबू नये, असेही म्हटले आहे. आणि सर्वांत आधी बाळाला उताणे, सपाट व घट्ट अंथरुणावर निजवावे हे आहे. आपल्याकडे पालथे निजविण्याची हौस पुन्हा वाढते आहे, म्हणून हे येथे मुद्दाम लिहिले.

मध : आपल्या घरातील प्रश्न

आता थोडे अवघड बोलावयाचे आहे. पहिल्या मुलीची चोखणी मधात बुडविलेली होती आणि तिला मलावष्टंभ होता. आम्ही तिला त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे पाठविले. सुदैवाने अपुऱ्या दुधाखेरीज काही निघाले नाही. पाठविण्याचे कारण असे : मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूची बीजे असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ती रुजत नाहीत. वर्षाखालील बालकाच्या आतड्यात रुजून विष निर्माण करू शकतात. हा व्याधी १९७६ साली कॅलिफोर्नियात प्रथम ओळखला गेला. २०१८ साली टेक्सासमध्ये चार बालकांना तो झाला आणि चौघांच्याही हाती मध भरलेल्या चोखण्या होत्या. व्याधीची पहिली लक्षणे पाहा. मलावष्टंभ, क्षीण रडणे, मंद चोखणे, पापण्या व मान लुळी पडणे. ज्या मुलाच्या तोंडात सदैव चोखणी आहे त्याचे रडणे क्षीण झाले हे कळणार कोणाला? बीजे उकळण्यानेही मरत नाहीत; आणि मध तापवू नये हे तर आपले शास्त्रच सांगते. मध शुद्ध की भेसळीचा याचाही येथे संबंध नाही.

मातेस 'मध चाटवू नका' असे सांगताना आम्हांस आपल्याच सुवर्णप्राशनाची आठवण होते. जातकर्मातील मध-घृत संहितोक्त आहे. लेहाध्यायातील सुवर्णही मध-घृतासह आहे. पुष्य नक्षत्राच्या दिवशी भरणाऱ्या शिबिरांत कित्येक ठिकाणी दोन-तीन महिन्यांची बालकेही रांगेत असतात आणि त्यांना मधयुक्त थेंब दिले जातात. अनेक वैद्यबंधू म्हणतात, "हजारो मुलांना दिले, कोणाला काही झाले नाही." हा युक्तिवाद आजींचाही होता. सुश्रुताचार्यांनी पहिल्या दिवसांत मध-घृत सांगताना कारण दिले आहे : स्तन्य तिसऱ्या-चौथ्या रात्रीनंतर प्रवृत्त होते. त्याआधी स्रवणारा घट्ट पिवळसर चीक बालकास पुरेसा आणि अत्यंत हितकर असतो, हे आज निश्चित झाले आहे. म्हणजे ज्या गरजेसाठी तो विधी होता ती गरज चीकच भागवितो. आम्ही आमच्या चिकित्सालयात एक वर्षाखालील बालकास मध असलेला कोणताही कल्प देणे बंद केले आहे. त्यामुळे आमच्या शिबिरातील संख्या घटली. काही ज्येष्ठांनी नाराजीही व्यक्त केली. त्यांच्याशी वाद घालण्याची आमची योग्यता नाही. परंतु चोखणीवरचा मध वर्ज्य आणि चमच्यातील मध पथ्य, ही भूमिका आम्हांस मांडता येत नाही.

बाळाला गप्प करण्याच्या उपायांचा आपला इतिहासही फारसा गोड नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत राबणाऱ्या स्त्रिया पाळीवर जाताना तान्ह्या मुलाला अफूची 'बाळगोळी' देत, अशी नोंद १९२० च्या दशकातील सरकारी चौकशीत आहे. त्या माता निष्ठुर नव्हत्या. मुलाला घेणारे हात घरात नव्हते. चोखणी अफू नव्हे, हे उघड आहे. पण आजही जिच्या कामाचा पाळणाघराशी व रजेशी संबंध नाही अशा शेतमजूर वा घरकाम करणाऱ्या मातेस 'चोखणी देऊ नका' एवढेच सांगून आपण कोणते पुण्य जोडतो? प्रसूतीची सव्वीस आठवड्यांची रजा २०१७ च्या दुरुस्तीने आली ती दहा वा अधिक लोक काम करतात अशा आस्थापनांपुरती. बाकीच्यांच्या घरी मूल कोण घेईल, हा प्रश्न सासूला, नवऱ्याला विचारावा लागतो. आम्ही तो विचारतो. नवरे बहुधा मोबाइलमध्ये पाहू लागतात.

कान, दात व इतर

सहा महिन्यांनंतर चोखणीचा तोटा वाढत जातो. फिनलंडमधील बालआरोग्य केंद्रांत मातापित्यांना चोखणी कमी करण्याचा सल्ला दिला असता मुलांतील तीव्र कर्णशोथाचे प्रमाण २९ टक्क्यांनी घटले, असा २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. वारंवार कर्णस्राव होणाऱ्या मुलाला आपण औषधांचे कल्पामागून कल्प देतो; चोखणीविषयी विचारतो का? दोन-तीन वर्षांपलीकडे चोखणी चालू राहिली तर पुढचे दात मिटेनासे होतात, वरचा जबडा अरुंद होतो. तोंड येणे, पांढरा थर जमणे हेही अस्वच्छ चोखणीने होते. खाली पडलेली चोखणी स्वतःच्या तोंडात घालून 'स्वच्छ' करण्याची सवय सर्वत्र आहे. गंमत अशी की स्वीडनमधील २०१३ च्या एका लहान अभ्यासात तसे करणाऱ्या मातापित्यांच्या मुलांत अॅलर्जी कमी आढळली. त्यावरून कोणी तसे करू नये. आपल्या दातांची कीडही मुलाच्या तोंडात जाते.

चरकाचार्यांनी शारीरस्थानात बालकाच्या खेळण्यांची लक्षणे दिली आहेत. खेळणी चित्रविचित्र, आवाज करणारी, मनोहर असावीत. जड नसावीत, टोकदार नसावीत, तोंडात शिरणारी नसावीत, प्राण घेणारी वा भीती दाखविणारी नसावीत. यावरून आचार्यांनी चोखणीस बंदी केली असे म्हणणे ओढाताण होईल. परंतु चोखणीची चकती ओठांहून मोठी असावी, तीस हवेसाठी छिद्रे असावीत, ती अखंड एका तुकड्याची असावी, हे आजचे नियम त्याच धोरणाचे आहेत. आपल्याकडे चोखणी दोऱ्यात ओवून गळ्यात बांधतात, ते मात्र खरोखर प्राणहर आहे. चिरलेली वा चिकट झालेली चोखणी फेकून द्यावी.

आमच्याकडे आता मातेस जे सांगितले जाते ते असे. पहिला महिना-सव्वा महिना चोखणी नको, बाळाचे वजन नीट वाढेपर्यंत नको. मूल रडले की आधी पाजावे, लंगोट पाहावा, अंग चाचपावे, कान, नाक, पोट पाहावे, उचलून छातीशी धरावे. दिवसाला सहा-सात लंगोट ओले होतात का ते मोजावे. एवढे करून, पोटभर पाजलेले आणि निरोगी मूल निजताना चोखावयास मागत असेल आणि घरी चोखणी असेल, तर द्यावी, कोरडी द्यावी. मध, साखर, गुटी, काही नाही. जागेपणी खेळत्या मुलाच्या तोंडात ठेवू नये. बडबड करावयास तोंड मोकळे हवे. सहा महिन्यांनंतर कमी करीत वर्षाच्या आत-बाहेर सोडवावी. सोडविताना कडुनिंब वा कोरफड लावणे आणि बागुलबुवाची भीती घालणे हे दोन्ही टाळावे. न जेवणाऱ्या वा रडणाऱ्या मुलास राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भिववू नये, असे चरकाचार्यांनी खेळण्यांच्या त्याच प्रकरणात सांगितले आहे. आधी दिवसाची, मग रात्रीची, अशा क्रमाने बहुतेक मुले आठ-दहा दिवसांत विसरतात. मातापित्यांना थोडे अधिक दिवस लागतात.

आमच्या बालरुग्णांच्या केसपेपरवर स्तनपान, मल, मूत्र व निद्रा या रकान्यांच्या खाली आम्ही एक ओळ वाढविली आहे : 'चोखणी : आहे/नाही, केव्हापासून, दिवसातून किती वेळ, कशात बुडवून.' आणि मातेच्या तक्रारीसाठी आलेले तान्हे मूलही वजनकाट्यावर ठेवल्याशिवाय परत पाठवीत नाही. त्या पहिल्या मातेचा जुना केसपेपर आमच्याकडे अजून आहे. कटिशूल, मलप्रवृत्ती, जिव्हा, नाडी असे सारे यथास्थित लिहून झाल्यावर शेवटी आमच्याच अक्षरात नोंद आहे : 'बालक शांत.'